पदरचा शब्द

धोंडबा बांधावर येऊन उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "जयवंता, नागपूरचं कार्ड आलं वं! पाळकसायबाचं."

जयवंता कापूस वेचत होती. दुसरी वेचणी होती. बोंडं अर्धी उमललेली, कडक, आणि त्यांच्या वाळल्या टोकांनी तिच्या नखांच्या मुळाशी रक्त आलं होतं. कमरेची ओटी भरून पुढं लोंबत होती. तिने हात थांबवला नाही.

"काय लिवलं त्यात?"

"चष्मा घरी राह्यला माहा."

"मंग इथपर्यंत काहून आला गा?"

"पोस्टमननं वाचून देल्लं ना." धोंडबाने कार्ड उलटंसुलटं केलं. "क्वार्टर खाली करा म्हनते. होळीच्या आत. नवा परचारक येनार हाय."

शेजारच्या बायांचे हात थांबले. जयवंताने आणखी दोन झाडं वेचली, मग ओटीची गाठ सैल केली आणि कार्ड घ्यायला बांधाकडं चालू लागली.

बोरडोहात ख्रिस्ती मंडळीची सतरा घरं होती. कळमेश्वरहून एस.टी.ने येऊन पुढं दीड कोस चालावं लागे. गावाच्या कडेला एक कौलारू देऊळ, आत सतरंजी आणि टेबल, आणि मागं प्रचारकासाठी दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत जयवंताचा नवरा रुपराव बावीस वर्षं प्रचारक म्हणून राहिला होता. त्याने लग्नं लावली, मयती केल्या, दर रविवारी टेबलामागं उभं राहून उपदेश केला. आवाज असा की पीठगिरणीवर दळणाला आलेल्या बायांना तिथं बसून ऐकू जाई. यंदा दिवाळीनंतर चौथ्या दिवशी सकाळी तोंड धुताना त्याच्या हातून तांब्या सुटला आणि तोही तांब्यामागून खाली गेला. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. नागपूरच्या रामदासपेठेतल्या डॉक्टरने पंधरा दिवस ठेवून घेतलं, चांगले उपचार केले, आणि निघताना सांगितलं की परत यायचं ते हळूहळू येईल. दोन महिन्यांत परत आलं ते एवढंच, 'पा' आणि 'हं'. 'पा' म्हणजे पाणी. 'हं' म्हणजे काहीही.

जयवंताने कार्ड बोट फिरवत फिरवत वाचलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. रुपरावानेच पाटीवर शिकवलं होतं. धोंडबाने सांगितलं ते वर होतंच, पण खाली कोपऱ्यात, जागा संपत आल्यासारख्या बारीक अक्षरात आणखी काही होतं. नागपुरात सदर भागात उपदेशकांचा वर्ग जानेवारीत सुरू होत होता, दर मंगळवार-बुधवार. स्त्रियांनाही बसता येईल. रुपरावांच्या पत्नीची इच्छा असल्यास यावं, शेवटी परीक्षेचा उपदेश होईल, त्यावरून काय ते ठरवू.

"हे नाई वाचलं पोस्टमननं?" तिने विचारलं.

"वाचलं." धोंडबा दुसरीकडं पाहू लागला. तो मंडळीचा 'वडील' होता, कारभार पाहणारा, साठी ओलांडलेला, बायको गेलेला. "पन बाई कुठी उपदेश करते काय?"

"बावीस वर्षं ऐकला मी. तू झोपत होता, मी जागी होती."

"अन् रुपरावले कोन पाहीन?"

ती नुसती त्याच्याकडं पाहत राहिली. शेवटी धोंडबा म्हणाला, "मंगळवार-बुधवार बसतो मी त्याच्याजवळ. रुपरावसाठी. तुह्यासाठी नाई."

*

वर्ग एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात भरे. अकरा पुरुष आणि जयवंता. पुरुषांत दोन शाळामास्तर होते, एक रेल्वेतला फिटर, बाकीचे खेड्यांतले. सगळ्यांकडं चपला होत्या, त्या त्यांनी बाकाखाली ओळीने ठेवल्या होत्या. जयवंताच्या टाचांच्या भेगांत काळी माती बसलेली होती आणि घासूनही निघाली नव्हती. ती शेवटच्या बाकावर पाय लुगड्याखाली घेऊन बसली.

शिकवायला रेव्हरंड मनोहरराव होते, कार्ड पाठवणारे पाळकसाहेब तेच. उंच, वाळके, कोटाच्या खिशात खडू. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'निरोप्या'.

"उपदेशक म्हणजे विद्वान नाही, पुढारी नाही," ते म्हणाले. "धन्याने निरोप दिला, तो जसाच्या तसा पोचवणारा माणूस. निरोपात पदरचं काही घालायचं नाही. आणि जड वाटतं म्हणून त्यातलं काही गाळायचं नाही. सगळी ईश्वरविद्या इथून सुरू होते. कोणी विसरलं तर मी पुन्हा सांगणार नाही."

मग त्यांनी कृपा शिकवली, पाप शिकवलं, पश्चात्ताप आणि पस्तावा यांतला फरक शिकवला. दुपारनंतर कृती. वचन वाचा, वचन उलगडा, वचन लागू करा. तीन मुद्दे घ्या, चौथा आला तर घरी ठेवा. शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्याकडं पाहून बोला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जातं. मास्तरलोक भराभरा उतरून घेत. जयवंता एक ओळ लिही तोवर तीन ओळी पुढं गेलेल्या असत. ती लिहिणं सोडून देई आणि ऐके.

तिला एका गोष्टीची चिंता नव्हती. रुपरावाचे उपदेश तिला पाठ होते. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं होतं. तिची पाळी आली तेव्हा ती पुढं गेली आणि हरवलेल्या मेंढराचा उपदेश तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटला. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, कुठं उजवा हात उचलायचा, काही चुकलं नाही. फिटर मान डोलवत होता. संपलं तेव्हा दोघा-तिघांनी 'वा' म्हटलं.

मनोहररावांनी खडू खिशात टाकला. "हा रुपरावांचा उपदेश आहे ना?"

"हो जी."

"मी ऐकलाय. दहा वर्षांपूर्वी, काटोलच्या मेळाव्यात. मधला खोकलासुद्धा त्यांचाच आहे."

सगळा वर्ग हसला. जयवंताही हसायला गेली, पण तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

"उत्तम पाठ केलाय," मनोहरराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून ते आणखी लागलं. "पण तुम्हाला काय निरोप मिळाला ते मला ऐकायचंय."

"सायेब, निरोप भेटते कसा?"

वर्ग पुन्हा हसणार होता, पण मनोहररावांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"वाचून. एकच भाग घ्यायचा, सावकाश वाचायचा. जिथं पाय अडखळेल तिथं थांबायचं. बहुतेक जण अडखळलं की उडी मारून पुढं जातात. आम्हीसुद्धा." त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं आणि एक भाग तिला खूण करून दिला. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाचा. "फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बोरडोहात यावर बोला. मी येईन."

परतीच्या एस.टी.त तिने तो भाग उघडला. गाडी हादरत होती, ओळी नाचत होत्या. आंधळा माणूस रस्त्याच्या कडेला बसलाय. शिष्य विचारतात, याला असं का झालं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? आणि प्रभू म्हणतो, याचंही नाही, त्यांचंही नाही.

ती तिथं थांबली.

हा उपदेशही तिला पाठ होता. बावीस वर्षांत रुपरावाने चारदा केला होता. तो सुरू होई तो मातीपासून. प्रभूने थुंकीने चिखल कालवला, डोळ्यांना लावला, तळ्यात धुवायला सांगितलं. चिखल आणि तळं. त्याच्या आधीचं त्याने कधी सांगितलंच नव्हतं. जयवंताने बोट त्या ओळीवर ठेवलं ते कळमेश्वर येईपर्यंत उचललं नाही.

*

घरी पोचली तेव्हा धोंडबा पायरीवर पाठमोरा बसला होता. तिची चाहूल लागली तरी वळला नाही.

"काय झालं?"

"जा, पाह्य."

रुपराव खाटेवर होता. सदऱ्याची उजवी बाही खांद्यापासून उसवलेली, हनुवटी ओली, ओठाच्या कोपऱ्याला रक्त. दंडावर काळा गंडा होता आणि त्याच्याभोवतीची कातडी चावून चावून लाल झाली होती. डाव्या हाताने गाठ सुटेना म्हणून तो दातांनी सोडवत होता.

गंडा जयवंताने बांधला होता. शेजारच्या अंजनाबाईने आणून दिला होता, कोणाले सांगू नोको म्हणाली होती. त्या हाताला काही कळत नाही, बाहीखाली दिसत नाही, असा विचार करून जयवंताने तो रुपराव झोपेत असताना बांधला होता.

"आंघोळ घालताना दिसला त्याले," धोंडबा बाहेरून म्हणाला. "दुपारपासून चालू हाये."

"तू सोडला काहून नाई?"

"ज्यानं बांधला त्यानं सोडावं."

तिने विळा आणला, पातं गंड्याखाली घातलं आणि तोडला. रुपराव तिच्याकडं पाहत होता. त्याच्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो तिच्याकडं अनोळखी बाईकडं पाहावं तसा पाहत होता.

"भेव वाटलं मले," ती म्हणाली. "बाकी काई नाई. दुसरा देव-बिव मनात नोता माह्या. मानूस हातातून चाललं की भेव वाटते, बस."

आणि हे बोलता बोलता तिला बायजाबाई आठवली.

सहा वर्षांपूर्वी श्रावणात बायजाबाईच्या मुलीला कावीळ झाली होती. तुळसा, नऊ वर्षांची. बायजाबाई मंडळीतली, देवळात पहिल्या रांगेत बसणारी. तिने मुलीला पलीकडच्या गावी भगताकडं नेलं आणि दंडाला गंडा बांधून आणला. विहिरीवर तो जयवंताला दिसला. घरी येऊन भाकर वाढता वाढता तिने रुपरावाला सांगितलं, आणि सांगताना तिला आपण काही कामाचं सांगतोय असं वाटलं होतं. चौथ्या दिवशी मुलगी गेली. खड्ड्याच्या कडेला उभं राहून, हातात शास्त्र घेऊन, रुपराव सतरा घरांसमोर म्हणाला, "जे घर दोन दारं उघडी ठेवते, त्या घरातून देव निघून जाते."

बायजाबाईच्या मुठीत माती होती. ती तिने आत टाकली, हात झटकले, आणि घरी गेली. त्यानंतर ती देवळात आली नाही. 'दोन दारं' हा शब्द मात्र गावात राहिला. नळावर भांडण झालं तरी बाया एकमेकींना म्हणत, तुही दोन दारं हायेत वं.

जयवंताने तुटलेला गंडा मुठीत आवळला. मग चुलीत टाकून आली.

*

त्यानंतर तिला बसवेना. वेचताना ती पुटपुटे, बाया विचारत काय म्हणतं वं, ती म्हणे काई नाई. तीन मुद्दे लिहायला बसली की पहिल्यालाच हात थांबे. तिने वहीचे चार कागद फाडले. रुपरावाचं अंग पुसताना, त्याला कुशीवर वळवताना, त्याची लाळ टिपताना तीच एक ओळ डोक्यात फिरे. याचंही नाही, त्यांचंही नाही. मग त्या दिवशी खड्ड्याच्या कडेला जे सांगितलं ते कोणाचं होतं? धन्याने तर दिलं नव्हतं.

एका सकाळी ती चंपतराव पाटलाच्या वावरात गेली. बायजाबाई तिथं शेवटची वेचणी करत होती. वाळकी, उन्हाने करपलेली, ओटीत मूठभर कवडी, किडका कापूस.

"बायजाबाई."

बायजाबाईने पाहिलं आणि परत झाडाकडं वळली.

"शेवटच्या रविवारी मी सांगनार हाये देवळात. तू येजो."

"काय सांगनार?"

"तुळसाचं."

बायजाबाईचा हात बोंडावरच राहिला. "तिचं नाव काहून घेतं?"

"तेव्हा जे झालं ते चूक झालं. ते लोकायसमोर झालं, तं लोकायसमोरच..."

"त्या दिवशी नागपूरचा सायेब येनार हाये म्हनते."

"हो."

"परीक्षा हाये तुही."

"हो."

"माह्या पोट्टीवर पास होतं काय तू?"

 ऊन चढत होतं, दोघींच्या मध्ये पऱ्हाटीचं एक झाड होतं, आणि बायजाबाई त्या झाडाकडंच पाहत बोलत होती.

"घर राह्यलं पायजे तुमाले. म्हनून आता चूक आठवली. सहा वर्षं कुठी होती वं तू? माह्या दारावरून गेली तं पदर पुढं ओढून जात होती. जा. मी येत नाई."

जयवंता घरी आली. त्या दिवशी तिने रुपरावाजवळ बसून सगळं सांगितलं. काय बोलणार ते, कोणाचं नाव घेणार ते. रुपराव ऐकत होता. मग त्याने डावी मूठ खाटेच्या माच्यावर आपटली. "हं," तो म्हणाला. पुन्हा आपटली. "हं. हं."

"नोको म्हनता?"

मूठ आपटत राहिली.

"तुळसाचं नोको, तुमचं नोको," ती म्हणाली. "मंग मी सांगू काय? चिखल अन् तळं?"

त्याने डोळे मिटून घेतले.

*

रविवारी मनोहरराव धोंडबाच्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून आले. कोटावर धूळ, कापडी पिशवीत शास्त्र आणि परीक्षेची वही. देऊळ भरलेलं होतं. बाई बोलणार म्हणून काही हिंदू आणि बौद्ध शेजारीही दाराशी उभे होते. चौघांनी रुपरावाची खाट उचलून पुढं आणली आणि टेबलाजवळ ठेवली. बायजाबाई कुठं दिसत नव्हती. जयवंताने तीनदा पाहिलं.

गायन झालं. प्रार्थना झाली. जयवंता उठली. टेबलामागं न जाता ती टेबलाच्या शेजारी उभी राहिली, कारण मागं उभं राहिलं की तिला रुपरावासारखं बोलावंसं वाटे. तिने भाग वाचला, सावकाश, दोनदा अडखळत. मग मनोहररावांकडं वळली.

"सायेब, तुमची वही बंद करा."

"काय?"

"हे परीक्षेतलं नाई. परीक्षेले मी मंग कधी बोलीन. नाईच बोलाले भेटलं तं नाई."

मनोहररावांनी तिच्याकडं पाहिलं. मग पेनला टोपण लावलं आणि वही सतरंजीवर पालथी ठेवली.

"आंधया मानसाचं मी वाचलं," जयवंता म्हणाली. तिचा आवाज लहान होता, मागच्यांनी माना पुढं केल्या. "शिष्यायनं इचारलं, पाप कोनाचं? प्रभू म्हनला, कोनाचंच नाई. आपन हा भाग इथी लय वेळा ऐकला. पन हे वाक्य कोनी ऐकलं नाई, काहून की ते इथी कधी सांगतलंच नाई. जड होतं. गाळून टाकलं."

खाटेवर रुपराव हलला.

"सहा वर्षांआधी बायजाबाईची तुळसा गेली. नऊ वर्षांची होती. तिच्या दंडाले गंडा होता. तो मी पाह्यला अन् मी घरी सांगतला. कोनी इचारलं नोतं मले. मीच सांगतला. अन् मंग खड्ड्यापाशी सांगतलं गेलं का दोन दारं उघडी होती म्हनून देव निघून गेला." ती थांबली. रुपरावासारखी खोकली नाही. "तो निरोप नोता. धन्यानं तो देल्ला नोता. तो आमच्या पदरचा होता. माहा अन् ह्याईचा."

धोंडबा उठून उभा राहिला. "जयवंता, बस कर. मानूस बोलू शकत नाई, अन् तू त्याच्यासमोर..."

"म्हनूनच बोलून राहिली, धोंडबा. त्याईले तो शब्द परत घेता येत नाई आता. मले येते." तिने पुढं पाहिलं. "महिन्याआधी ह्याईच्या दंडाले मी गंडा बांधला. मी. परचारकाच्या बायकोनं. तुले मालूम हाये, धोंडबा, तू कोनाले सांगतलं नाई. भेव वाटलं म्हनून बांधला. बायजाबाईनंही भेव वाटलं म्हनूनच बांधला होता. अन् देव माह्या घरातून गेला नाई. तं मंग तिच्या घरातूनही गेला नसन. तिच्या घरी गेलो नाई ते आपन. सहा वर्षं. सतरा घरं."

तिला आणखी काही सांगायचं होतं, पण ते काय होतं ते तिला सापडेना. ती खाली बसली.

 धोंडबा टोपी हातात घेऊन दारातून बाहेर गेला, त्याच्यामागं आणखी दोन घरं गेली. रुपरावाच्या घशातून आवाज येत होता, 'हं, हं', त्यात ना शब्द ना रडणं. शेवटी मनोहररावच उठले आणि त्यांनी समाप्तीची प्रार्थना केली, अगदी थोडक्यात.

नंतर क्वार्टरच्या ओसरीवर चहा घेताना ते म्हणाले, "प्रस्तावना नव्हती. तीन मुद्दे नव्हते. एकच होता."

"नापास झाली मी?"

"वही बंद होती. काय लिहू?" त्यांनी बशीतला चहा फुंकला. "पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. तोवर क्वार्टर सोडू नका. नव्या माणसाला थांबा म्हणून कळवतो. त्यापुढचं माझ्या एकट्याच्या हातात नाही." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "रुपरावांना आधी सांगितलं होतं?"

"सांगतलं होतं."

"काय म्हणाले?"

"नोको म्हनले."

मनोहररावांनी बशी खाली ठेवली. "मग उपदेशाचा हा भाग मला शिकवता येत नाही, बाई. बोलून झाल्यावर त्याच घरात राहायचं असतं, तो."

*

रुपरावाने त्या दिवसापासून तोंड उघडलं नाही. जयवंता ज्वारीची आंबील करून चमचा ओठाशी नेई, तो दात आवळून घेई. आंबील हनुवटीवरून मानेत उतरे. तिने पुसायचं, पुन्हा न्यायचं, पुन्हा पुसायचं. पाण्यासाठीही तो 'पा' म्हणेना. ओल्या फडक्याने तिने त्याचे ओठ ओले केले तेवढंच. धोंडबा आला नाही. सोमवारी ती वेचणीला गेली नाही. मंगळवारी वर्ग होता, तिथंही गेली नाही. खोलीतून ओसरीवर, ओसरीवरून खोलीत, ती नुसती फिरत राहिली. एकदा त्याच्या कानाशी बसून म्हणाली, "मारा मले त्या हातानं. पन खा." त्याने मान भिंतीकडं वळवली.

मंगळवारी ऊन कलताना बायजाबाई आली.

सरळ वावरातून आली होती. कमरेला ओटी तशीच, केसांत पाचोळा. ओसरीवर थांबली नाही, आत आली आणि खाटेपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली. जयवंता चुलीपाशी उभी राहिली.

"मी आली नोती रविवारी," बायजाबाई म्हणाली. "लोक सांगून राहिले, कोनी एक सांगते, कोनी दुसरं. मले तुह्या तोंडून ऐकाचं हाये. जे तिथी सांगतलं ते सांग. वाढवू नोको."

जयवंता तिच्यासमोर बसली.  तिने सगळं सांगितलं. वही बंद करायला लावली तेही, गंडाही, विहिरीवर पाहिलं तेही. बायजाबाई ऐकता ऐकता ओटीतल्या कापसातला कचरा वेचून बाजूला टाकत होती. एकदाही वर पाहिलं नाही.

"तुळसाचं नाव घेतलं?"

"घेतलं."

"मोठ्यानं?"

"हो."

बायजाबाईची बोटं थांबली. "सहा वर्षात कोनी घेतलं नाई. माह्या घरात मीच एकटी घेत होती." मग ती रुपरावाकडं वळली. "अन् तुमचं काय, बाबा? ही बोलली ते तिचं झालं. खड्ड्यापाशी तं तुमी बोलले होते."

रुपरावाने भिंतीकडची मान हलवली नाही.

"मी बसली हाये," बायजाबाई म्हणाली.

ती खरंच बसून राहिली. बाहेर कोणाची तरी बैलगाडी गेली, तिचा आवाज गावात जाऊन मिटला. कौलांतून येणारा उन्हाचा कवडसा खाटेवरून सरकत भिंतीवर चढला. जयवंताला वाटलं उठावं, काही बोलावं, चहा ठेवावा. ती उठली नाही.

मग रुपरावाने मान वळवली. फार वेळ लागला. त्याने डावा हात उचलला, उजव्या हाताचं मनगट धरलं आणि तो हात ओढू लागला. मेलेला हात जड असतो. दोनदा सुटून खाली पडला. तिसऱ्यांदा त्याने तो छातीवर आणला, त्याची आखडलेली बोटं एक एक करून सरळ केली, आणि डावा तळवा त्यावर ठेवून जोडला. हात जोडलेला ठेवायलाही त्याला जोर लागत होता. खांदा थरथरत होता, मानेच्या शिरा वर आल्या होत्या, आणि डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. तोंडातून 'हं'सुद्धा आलं नाही.

बायजाबाई पाहत राहिली.

"ठेवा खाली," ती शेवटी म्हणाली. "दुखन."

त्याने ठेवले नाहीत. तेव्हा ती पुढं सरकली आणि तिनेच त्याचा उजवा हात मनगटाशी धरून हळूच अंगावर ठेवला. मग उठली, ओटी सावरली.

"माफ-बिफ मी काई म्हनत नाई, बाबा. मले ते येत नाई. अन् देवळात येईन असंही म्हनत नाई." दारात ती थांबली. "पन ऐकलं मी."

ती गेली.  मग जयवंताने उठून आंबील पुन्हा कोमट केली, वाटीत घेतली आणि खाटेच्या कडेला बसली. चमचा त्याच्या ओठांशी नेला आणि तिथंच धरून ठेवला.

रुपरावाने तोंड उघडलं.